एक्केचाळीस आयांचा पासवर्ड

मी शिवणकामाची बाई, चंद्रिका उंबरजे. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या कन्या प्रशालेत सत्तावीस वर्षं मी पोरींना हेम, काज-बटण आणि परकराचा नेफा शिकवतेय, आणि माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही पोरीचा नेफा आजवर उसवलेला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की या बाईला काही येत नाही.

गेल्या दिवाळीत कॉम्प्युटरचे सर नोकरी सोडून पुण्याला गेले. हेडमास्तर मंजुनाथ सरांनी मला ऑफिसात बोलावलं आणि उभ्या उभ्या 'ऑनलाइन सुरक्षा प्रमुख' करून टाकलं. मी म्हटलं, "सर, मला त्यातलं फक्त चालू आणि बंद कळतं." सर म्हणाले, "बाई, तुमचा धाक आहे. सुरक्षेला दुसरं काय लागतं?" हे मात्र मला पटलं. आठ दिवसांत खोलीच्या दारावर माझ्या नावाची पाटीसुद्धा लागली, पितळी, पूर्ण नावाची. मी रोज ती पदरानं पुसायची.

आता, या शाळेत सुरक्षेचं एवढं कौतुक का, तेही सांगते. आदल्या वर्षी नववीतल्या कुणा भवानीनं मंजुनाथ सरांचा फोटो लग्न जुळवायच्या एका साइटवर टाकला होता. 'वय बत्तीस, निर्व्यसनी, स्वतःचं घर.' सर त्रेपन्न वर्षांचे, घर भाड्याचं, निर्व्यसनी तेवढे खरे. आठ दिवस मुलीकडच्यांचे फोन येत होते. त्यातला एक सरांच्या बायकोनं उचलला. त्यानंतर सर पंधरा दिवस डबा न आणता शाळेत येत होते.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष चनमल्लप्पा काका, चादरींचे मोठे व्यापारी. त्यांनी त्याच आठवड्यात शाळेचा इंटरनेट तोडला. इंटरनेट म्हणजे घरात घेतलेला साप, असं त्यांचं मत. हेच काका रोज पहाटे साडेपाचला साऱ्या सोलापूरला गुलाबाचं फूल आणि सुविचार पाठवतात, पण ते फोनवरून जातं, इंटरनेटवरून नाही, असा त्यांचा पक्का समज आहे. तो दूर करायची माझी हिंमत नाही. कुणाचीच नाही.

तर हाता-पाया पडून, पालकांच्या सह्या गोळा करून, आम्ही इंटरनेट परत चालू करून घेतला. एक महिना, परीक्षेवर. काकांनी अटी घातल्या. शाळेच्या वेळेत मी समोर बसलेली पाहिजे. साडेचारला शाळा सुटल्यावर ज्या पोरीला इंटरनेट हवा, तिच्या आईनं किंवा आजीनं स्वतः शाळेत यायचं, आपला पासवर्ड टाकायचा, आणि पोरीजवळ बसून राहायचं. एकदा जरी चूक झाली तरी इंटरनेट कायमचा बंद आणि त्या खोलीत गॅदरिंगचं सामान. म्हणजे पुठ्ठ्याचा राजवाडा, सात मुकुट आणि एक मोडकी पालखी.

बाकीच्या पोरींना इंटरनेट गेला असता तर वाईट वाटलं असतं, एवढंच. रेश्माचं मात्र सगळंच गेलं असतं.

रेश्मा नववीत, वळसंगहून एस्टीनं यायची. बडबडी इतकी की कंडक्टर तिला मुद्दाम मागं बसवायचा. मुंबईच्या एका संस्थेनं गणितात हुशार पोरांसाठी ऑनलाइन शिबिर काढलं होतं. चाळीस दिवस, रोज पाच ते सहा. परीक्षा देऊन आपल्या जिल्ह्यातून तिघं निवडले गेले, त्यातली ही एक. घरात फोन एकच, तो बापाच्या खिशात, आणि बाप दिवसभर टेम्पोवर. म्हणजे या पोरीचं शिबिर आमच्या खोलीत, नाहीतर कुठंच नाही. शिबिराचा नियमही कडक: तीन दिवस गैरहजर राहिलात की जागा वेटिंगवाल्याला.

तिची आई रंभाबाई सात रस्त्याच्या चौकात भाजी विकायची. रोज साडेचारपर्यंत पाटी रिकामी करायची, शाळेत यायची, हात धुऊन कॉम्प्युटरपुढं बसायची, एका बोटानं पासवर्ड टाकायची आणि मग कोपऱ्यात बसून उरलेली मेथी निवडत लेकीचं गणित ऐकायची. तिला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. पण मुंबईच्या सरांनी "शाब्बास रेश्मा" म्हटलं की ती मेथीची जुडी बाजूला ठेवायची. मला ही बाई फार आवडायची. शिवणाची वही तपासायला घरी नेता येत असूनही मी तिथंच तपासत बसायची, ते तिच्यासाठी.

पण मी पुढं पळाले. हे सगळं सुरू व्हायच्या आधी झाली ती पालकसभा, आणि माती मी खाल्ली ती तिथंच.

सभेला नववीच्या एक्केचाळीस जणी आल्या. बाप एकही नव्हता. सभा दुपारी बाराला ठेवलेली, आणि ती मीच ठेवलेली, कारण बाप आले की प्रश्न विचारतात. काही आया, काही आज्या. अध्यक्ष काकांच्या घरून त्यांच्या सौभाग्यवती महानंदा काकू आल्या होत्या, कारण नात भुवनेश्वरी आमच्याच वर्गात आणि तिची आई बँकेत नोकरीला.

मंजुनाथ सरांनी परिपत्रक वाचायला घेतलं. "पासवर्ड हा किमान आठ अक्षरी, अंक व चिन्हांकित, अनुमान करण्यास दुष्कर असा असावा." बायका माझ्याकडं बघायला लागल्या. एकीनं शेजारणीला कानडीत विचारलं की हे पूजेचं सांगतायत का. माझं डोकं फिरलं. मी सरांच्या हातातून कागद घेतला, त्याची घडी केली आणि म्हटलं, "हे बघा बायांनो. मेलं तरी तुमच्या तोंडातून बाहेर पडणार नाही, असा एक शब्द मनात धरा. नवऱ्याला नाही, पोरीला नाही, देवाला नाही. तोच टाका. झालं!"

सगळ्यांचे चेहरे उजळले. एक्केचाळीस जणींना एकदम कळलं. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत माझं शिकवणं इतकं पटकन कुणाला कळलेलं नव्हतं.

खोलीत एका कोपऱ्यात मापं घ्यायला लावलेला पडदा आहे. तो ओढून आत एक कॉम्प्युटर ठेवला, मराठी कळफलक लावून दिला, आठ अक्षरांची भानगडही कंपनीच्या माणसाला फोन करून काढून टाकायला लावली. एकेक जण आत जायची आणि बाहेर येताना लाजत यायची. कुणी पदर तोंडाला लावून, कुणी खाली बघून. साठीच्या महानंदा काकू तर नव्या नवरीगत लाल होऊन आल्या. मला वाटलं, बिचाऱ्यांनी कॉम्प्युटरला पहिल्यांदा हात लावला, म्हणून असेल. शेवटी मी आत गेले आणि माझा पासवर्ड टाकला. मीही थोडी लाजलेच होते, पण तेव्हा त्याचा विचार केला नाही.

बारा दिवस उत्तम गेले. भिंतीवर मी नियमांचा तक्ता लावला, आणि त्यावर रेश्मानं वाद घातला नाही असा एक दिवस गेला नाही.

"बाई, अनोळखी माणसाशी बोलायचं न्हाई म्हणताव. पण मुंबईचे सर तर अनोळखीच हायत की."

"ते सर आहेत."

"आन एस्टीत तर समदेच अनोळखी असत्यात. मग काय मुक्यानं यिऊ?"

"ये की! कंडक्टर पेढे वाटेल."

तेरावा दिवस मंगळवार. संध्याकाळी मंजुनाथ सरांनी मला दप्तर तपासायला ऑफिसात बसवून घेतलं. वरच्या खोलीत रेश्माचं शिबिर संपून मायलेकी एस्टीला गेल्या होत्या. खोलीला कुलूप लावायचं म्हणून मी सव्वासहाला जिना चढले तर आतून हसण्याचा आवाज. दार ढकललं. आत एकोणीस पोरी. एकोणीस कॉम्प्युटर चालू. आई एकही नाही. कुणी मेंदी बघतेय, कुणी केसांचा आंबाडा, एक जण बापासाठी म्हशींचे भाव काढतेय, आणि अध्यक्षांची नात भुवनेश्वरी खुर्चीवर उभी राहून समोरच्या व्हिडिओबरोबर नाचतेय.

मी तोंड उघडलं, पण आवाज आला तो माझ्या मागून. "येनिदु? हे काय चाललंय?"

चनमल्लप्पा काका. बरोबर दोन पाहुणे, ज्यांना ते आपली आदर्श शाळा दाखवायला घेऊन आले होते.

काकांनी आरडाओरडा केला नाही. ते शांतपणे भिंतीजवळ गेले, राउटरची वायर उपटली आणि ते डबडं आपल्या दुकानाच्या पिशवीत घातलं. मग मला म्हणाले, "पोरींकडं आयांचे पासवर्ड आले कुठून? यादी कुणाकडं असते? तुमच्याकडं. शुक्रवारी साडेचारला समद्या आयांना बोलवा. हिशेब तितंच होईल."

माझ्याकडं कसली यादी! मला माझ्या स्वतःच्या पासवर्डशिवाय एकही माहीत नव्हता. पण हे कोण ऐकणार? बुधवारी सकाळी मी एकोणीसच्या एकोणीस पोरींना रांगेत उभं केलं, पट्टी आपटली, उपाशी ठेवीन म्हटलं. पोरी एकमेकींना चिमटे काढून खुदूखुदू हसत राहिल्या. "बाई, सांगितलं तर तुमीच लाजताव," असं भुवनेश्वरी म्हणाली. मी आयुष्यात लाजलेली नाही, असं मी तिला ठणकावून सांगितलं.

बुधवारी शिबिर बुडालं. गुरुवारी बुडालं. रंभाबाई दोन्ही दिवस वेळेवर आली, बंद कॉम्प्युटरसमोर बसली आणि परत गेली. माझ्या धाकावर भरवसा ठेवून एक पोर तिथं बसत होती, आणि तिची जागा माझ्यामुळं जाणार होती. शुक्रवारी पाचला तिसरी गैरहजेरी लागली की संपलं.

शुक्रवारी एक्केचाळीस जणी हजर. पोरी भिंतीला टेकून उभ्या. काकांनी पिशवीतून राउटर काढून टेबलावर ठेवला, पंचांसमोर मुद्देमाल ठेवतात तसा. मंजुनाथ सरांनी तो जोडला आणि कॉम्प्युटर उघडून बसले. घड्याळात चार चाळीस.

"बायांनो, खरं सांगा," काका म्हणाले. "तुमी पासवर्ड कुणाला सांगितलाव?"

"छे छे!"

"अगं बाई, कसं सांगू?"

"जीव गेला तरी न्हाई!"

सगळ्या एका सुरात. आणि त्या खोटं बोलत नव्हत्या, ते मला दिसत होतं.

"बरं. मग आता सांगा. आता काय लपवायचंय? आजपासून ते समदे बादच हायत. कुणी बी एकीनं उठून सांगावं, आमी काय शब्द धरला ते."

एक्केचाळीस पदर एक्केचाळीस तोंडांना.

काका माझ्याकडं वळले. "बघा. यांना त्यांचाच पासवर्ड ठाऊक न्हाई. म्हंजे टाकले कुणी? बाईंनी. वाटले कुणी? बाईंनी. साकु, साकु. पुरे झालं. सर, तो पुठ्ठ्याचा राजवाडा आणून ठेवा हितं."

तेवढ्यात रंभाबाई उठली. "मला ठाव हाय माझा. मी टाकून दावते की."

"टाकायला बाईंनी शिकवलं आसंल. तोंडानं सांगा. सर टाकतील. उघडलं, तर मी मानतो, तुमचा तुमीच धरला."

रंभाबाईनं घड्याळाकडं बघितलं. मग रेश्माकडं. मग तोंड उघडलं आणि पुन्हा पदरानं झाकलं. मला काही कळेना. अहो, असा काय शब्द असेल जो या बाईला बोलवत नाही? शिवी आहे का काय? सात रस्त्याला भाजी विकणारी बाई, शिव्या हिला पाठ असणार.

मागच्या रांगेतून म्हाताऱ्या बसम्मा आजी हळूच म्हणाल्या, "उखाण्यात घे गं. उखाण्यात चालतंय."

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी खुर्चीचा हात धरला. मेलं तरी तोंडातून बाहेर पडणार नाही असा शब्द! अगं चंद्रिके, सत्तावीस वर्षं नोकरी केलीस आणि बायकांना जाऊन हे सांगितलंस?

रंभाबाईनं पदर सावरला, डोळे मिटले आणि घेतला:

"वळसंगच्या वाटंवर बाभळीची सावली,
भीमारावांचं नाव घेते, लेक शिकाय लागली."

टाळ्या पडल्या. मंजुनाथ सरांनी घाईघाईनं 'भीमाराव' टाकलं. कॉम्प्युटर म्हणाला, चूक. तीनदा चुकलं की खातं बंद आणि मग कंपनीचा माणूस येईपर्यंत आठ दिवस, हा नियम सगळ्यांना माहीत होता. सरांना स्वतःची हुशारी आवरेना. त्यांनी कुणाला न विचारता 'भीमाराव गायकवाड' टाकलं. चूक.

"सर!" मी ओरडले. "हात काढा त्या कळफलकावरून!" हेडमास्तरांवर मी पहिल्यांदाच ओरडले. त्यांनी हात काढून मांडीवर ठेवले.

चार त्रेपन्न. एकच संधी उरलेली.

"रंभाबाई," मी म्हटलं, "काय टाकलं होतंत? राव-बिव काढून, नुसतं?"

तिनं मान हलवली. नुसतंच. एका बोटानं टाकायचं, राव कशाला वाढवायचा? पण राव लावून उखाण्यात घेणं वेगळं, आणि भर सभेत, शाळेच्या अध्यक्षांपुढं, नवऱ्याला पोराटोरासारखं नुसत्या नावानं हाक मारणं वेगळं. पुढं मला तिनं सांगितलं, लग्नाला सोळा वर्षं झाली, इतक्या वर्षांत तिनं भीमा नदीलासुद्धा नावानं हाक मारली नव्हती. 'मोठी नदी' म्हणायची.

रेश्मा भिंतीपासून म्हणाली, "आये, ऱ्हाऊ दे. नगं बोलू."

त्या 'ऱ्हाऊ दे'नं काम केलं. रंभाबाईनं लेकीकडं असं बघितलं की पोरगी गप्प झाली. मग तिनं छाती भरून श्वास घेतला आणि सात रस्त्याच्या गर्दीत "मेथी घ्या मेथी" म्हणून जो आवाज लागतो, त्या आवाजात म्हणाली, "भीमा!"

सरांनी टाकलं. उघडलं.

बायकांनी असा गिल्ला केला की खालचा शिपाई काय पडलं म्हणून वर आला. रंभाबाई दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होती, खांदे गदगदत होते, आणि मी, आयुष्यात न लाजलेली बाई, कानापर्यंत तापले होते. कारण माझा पासवर्ड काय, ते आता सगळ्या खोलीला कळलं होतं. सगळ्या माना दाराकडं वळल्या होत्या. दारावर माझीच पितळी पाटी. 'सौ. चंद्रिका प्रभुलिंग उंबरजे, ऑनलाइन सुरक्षा प्रमुख.' आमच्या ह्यांचं नाव मी रोज पदरानं पुसून चकचकीत करत होते.

"थांबा, थांबा!" काका म्हणाले. "नवऱ्याचं नाव. ठीक. पण हे पोरींना कुणी सांगितलं?"

"म्या," रेश्मा पुढं झाली. "कुणी सांगितलं न्हाई, म्या काढलं. आई पासवर्ड टाकताना लाजती. आन आई फकस्त आण्णाचं नाव निघालं की लाजती. तवा हे बरुबर ते." तिनं हातातली वही उभी धरली. लेबलवर लिहिलेलं: रेश्मा भीमा गायकवाड. "समद्यांच्या वहीवर हाय की. म्या वापरला न्हाई, देवाशपथ. भुवनेश्वरीला नुसतं गणित म्हणून घातलं हुतं. तिनं ते समद्यांस्नी सोडवून दिलं."

खोलीतल्या आयांनी आपापल्या लेकींच्या वह्यांकडं बघितलं. जो शब्द त्यांनी जिवापेक्षा जपला, तो पोरी पहिलीपासून प्रत्येक वहीवर, प्रत्येक पेपरवर, मधोमध लिहीत आल्या होत्या. हजेरीला तो रोज मोठ्यानं वाचला जात होता. मीच वाचत होते.

"म्हंजे फोडला हिनंच," काका म्हणाले. चेहरा पुन्हा कडक. "पोरगी हुशार हाय, मान्य. पण नियम म्हंजे नियम. ह्या पोरीला आजपासून खोली बंद."

चार छप्पन्न. मी काहीतरी बोलणार होते. काय ते मला अजून आठवत नाही, पण नोकरी गेली असती, एवढं नक्की. माझ्याआधी महानंदा काकू उठल्या.

"तिनं काय फोडलं हो? भिंतीवर लिवलेलं वाचायला फोडणं म्हणतात व्हय?"

"तू गप बस. तुझा काय संबंध?"

"माझा न्हाई? आपली भुवी खुर्चीवर चढून नाचत हुती, ती कुणाच्या पासवर्डवर? माझ्या. तिच्या वहीवर तर तिच्या बापाचं नाव. माझं कुटनं काढलं तिनं, ठाव हाय? शाळंच्या फाटकावर संगमरवरी पाटी लावून घेतलीसा न्हवं, बोटभर अक्षरात? तितनं!"

काका फाटकाच्या दिशेला बघायला लागले. "म्हंजे तू बी..." ते परत काकूंकडं वळले. "तू काय धरला हुतास?"

चव्वेचाळीस वर्षांचा संसार. महानंदा काकूंनी रंभाबाईकडं एकदा बघितलं. रंभाबाईनं मान हलवली, घ्या म्हणून. काकूंनी पदर तोंडावरनं काढला, खांद्यावर टाकला, आणि सरळ त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाल्या, "चनमल्लप्पा!"

"ओ!" काका म्हणाले.

हजेरी दिल्यासारखं. आपसूक. बोलून गेल्यावर त्यांना कळलं.

मग जे हसणं सुटलं ते कुणाला आवरेना. मंजुनाथ सर टेबलावर डोकं ठेवून हसत होते. बसम्मा आजी हसता हसता खाली बसल्या आणि त्यांना उठवायला गेलेल्या दोघी त्यांच्याशेजारीच बसल्या. काकांनी थोडा वेळ कडक राहायचा प्रयत्न केला. मग त्यांच्या मिशा हलल्या, मग पोट हलायला लागलं, आणि शेवटी ते खुर्चीत बसून डोळे पुसत म्हणाले, "आणखी एकदा म्हण की."

काकू म्हणाल्या, "आता न्हाई. आता पासवर्ड बदलायचाय."

काकांनी राउटरवर हात ठेवला, माझ्याकडं बघितलं. "बाई, डबडं हितंच ऱ्हाऊ दे. पोरगीलाबी बसू दे. पण ह्या समद्या जणींना आज नवीन शब्द धराय लावा. आन ह्या खेपंला तुमी भाषण करू नका."

पाचला एक मिनिट कमी असताना रेश्मा खुर्चीत बसली. स्क्रीनवर मुंबईचे सर दिसले. "रेश्मा, दोन दिवस कुठं होतीस? आणि हा मागं गोंधळ कसला?"

गोंधळ म्हणजे, बायकांना चव लागली होती. पडद्याशी रांग लावून उभ्या होत्या आणि पाळीपाळीनं एकमेकींपुढं नावं घेत होत्या, नुसती, बिनराव बिनपंत, आणि प्रत्येक नावाला खिदळत होत्या. शिवप्पा! नंदीश! गुरुपादा! एकीनं तर सासऱ्याचंही घेऊन टाकलं.

"सर, आया हायत," रेश्मा म्हणाली. "जुने पासवर्ड बोलून टाकायलेत."

सरांनी चष्मा सारखा केला. मग म्हणाले, "बरं. कालचं गणित बघूया."

इकडं पडद्याआड रंभाबाईचा नंबर लागला. ती आत गेली ती बाहेरच येईना. एक मिनिट झालं, दोन झाली. मागच्या बायका ओरडायला लागल्या. मी पडद्याजवळ जाऊन विचारलं, "काय झालं, रंभाबाई? तोंडातून निघणार नाही असा दुसरा शब्द धरा की एखादा."

तिनं पडद्यातून मुंडकं बाहेर काढलं. गाल अजून लाल होते आणि डोळे नुसते चमकत होते.

"तेच हुडकायलेय की, बाई," ती म्हणाली. "न बोलण्याजोगं आता काईच ऱ्हायलं न्हाई माझ्याकडं. थांबा वाईच."

आम्ही थांबलो.